नॉर्डिक लोक मूळचे कुठले? आधी साल सांगा

प्रश्न थोडक्यात असा: नॉर्डिक लोक आनुवंशिकदृष्ट्या मूळचे कुठले, ते एका शुद्ध वंशाचे आहेत का, फिनिश आणि अगदी उत्तरेकडच्या, वेगळी भाषा बोलणाऱ्या सामी लोकांना त्यांच्यात धरायचं की वेगळं काढायचं, आणि डीएनए चाचणीच्या अहवालात ‘स्कॅन्डिनेव्हियन’ असा आकडा आला तर त्याचा अर्थ काय लावायचा.

यावर एक उलट प्रश्न विचारावाच लागतो: मूळचे म्हणजे कुठल्या सालचे? वीस हजार वर्षांपूर्वी नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि डेन्मार्कचा बराचसा भाग प्रचंड जाडीच्या बर्फाखाली गाडलेला होता. तिथे माणूस नव्हता. त्यामुळे ‘मुळात इथलाच’ असा कुणी नाहीच. सगळे बाहेरून आले. कुणी अकरा हजार वर्षांपूर्वी, कुणी सहा हजार, कुणी पाच हजार. साल बदललं की उत्तर बदलतं.

शब्दही साफ करून घेऊ. डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन म्हणजे स्कॅन्डिनेव्हिया. त्यात फिनलंड, आइसलंड, फेरो बेटं, ऑलंड आणि ग्रीनलंड धरले की नॉर्डिक प्रदेश. हे देशांच्या गटाचं नाव झालं. ‘नॉर्डिक वंश’ ही वेगळी गोष्ट: एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कवट्यांची लांबी-रुंदी मोजून रचलेली कल्पना. १९२२ साली स्वीडनने उप्साला इथे सरकारी पैशाने वंशजीवशास्त्राची संस्थाच काढली, हर्मन लुंडबोर्ग तिचे पहिले प्रमुख. लांबट डोकं, सोनेरी केस, निळे डोळे हे त्यांच्या लेखी एकाच वंशाचं लेणं. ही लक्षणं वेगवेगळ्या जनुकांवर चालतात आणि वेगवेगळ्या वाटांनी उत्तरेत पोचली, हे आता माहीत आहे. ती एका गाठोड्यात कधी आलीच नाहीत.

आता पहिला थर. बर्फ मागे हटू लागला तसे लोक दोन बाजूंनी शिरले. काही दक्षिणेकडून, जर्मनी-डेन्मार्कच्या वाटेने. हे पश्चिम युरोपातले शिकारी. दुसरे ईशान्येकडून, आजच्या रशियाच्या बाजूने. नकाशा पाहून कुणालाही वाटेल की पूर्वेकडच्या शिकाऱ्यांचा अंश स्वीडनच्या पूर्वेला जास्त आणि नॉर्वेच्या किनाऱ्यावर कमी असणार. निघालं उलट. नॉर्वेच्या किनाऱ्यावरच्या हुम्मरविकहोल्मेन आणि स्टाइगेन इथल्या सांगाड्यांत पूर्वेचा अंश जास्त, तर स्वीडनमधल्या मोताला आणि गोटलंडलगतच्या स्तोरा कार्ल्सो बेटावरच्या सांगाड्यांत कमी. हा अभ्यास २०१८ सालचा. कारण असं की ईशान्येहून येणाऱ्याला नॉर्वेचा बर्फमुक्त किनारा हीच सोपी वाट होती. तिने ते खाली उतरले आणि दक्षिणेकडून आलेल्यांत मिसळले. दगडावर दाब देऊन धारदार पाती काढायची पूर्वेकडची रीतही याच लोकांबरोबर आली असं पुरातत्त्व सांगतं. इथे डीएनए आणि दगड यांची साक्ष जुळते, आणि अशी साक्ष जुळली की निष्कर्षावर भार टाकायला हरकत नसते.

डेन्मार्कमध्ये मात्र पूर्वेची ही झाक जवळजवळ नाही. तिथे हजारो वर्षं पश्चिमेकडचेच शिकारी राहिले. त्यांची अवजारं बदलली, शैली बदलल्या, पुरातत्त्वात त्यांना तीन वेगळी नावं पडली, पण माणसं तीच होती. भांडी बदलली म्हणजे माणसं बदलली असं धरून चालायचं नाही, याचा हा चांगला दाखला.

दुसरा थर शेतकऱ्यांचा. आजच्या तुर्कस्तानातून, म्हणजे अनातोलियातून निघालेले शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या युरोपात पसरत उत्तर जर्मनीपर्यंत आले आणि तिथे हजार-दीड हजार वर्षं थबकले. पलीकडे समुद्रकाठी मासे, शिंपले, सील यांवर भरपेट जगणारे शिकारी होते. त्यांना गव्हाची गरज नव्हती. मग सुमारे ५,९०० वर्षांपूर्वी डेन्मार्कमध्ये शेती आली आणि काही पिढ्यांतच तिथल्या लोकांचा डीएनए जवळजवळ पूर्ण पालटला. जुने शिकारी थोडेच मिसळले. स्वीडनच्या यॉकहेममधल्या महाश्मयुगीन थडग्यातली शेतकरी बाई आजच्या युरोपियनांत कुणाच्या जवळ जाते, असं २०१२ साली तपासलं तेव्हा उत्तर आलं: भूमध्य समुद्राकाठच्या लोकांच्या. आणि तिच्या काळाच्या आसपास गोटलंड बेटावर आयविदे इथे सील मारून राहणारे लोक तिच्याहून फार वेगळे, उत्तरेकडचे. चारशे किलोमीटरच्या आत, एकाच काळात, दोन लोकसमूह. त्यांच्यातलं आनुवंशिक अंतर आजच्या युरोपच्या दोन टोकांएवढं. म्हणून पाच हजार वर्षांपूर्वीचा स्वीडिश माणूस कसा होता, हा प्रश्नच चुकीचा. कुठला स्वीडिश माणूस?

तिसरा थर सगळ्यात जाड. काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या गवताळ मैदानातले, म्हणजे स्टेपीतले पशुपालक सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी पश्चिमेकडे सरकले. दोरीचे ठसे उमटवलेली मातीची भांडी करणाऱ्या संस्कृतीमार्फत त्यांचा अंश मध्य युरोपात आला. डेन्मार्कमध्ये तो सुमारे ४,८५० वर्षांपूर्वी दिसू लागतो आणि पुन्हा एकदा, हजार वर्षांत दुसऱ्यांदा, लोकसंख्या पालटते. स्वीडनमध्ये याच लोकांना त्यांच्या दगडी युद्धकुऱ्हाडींवरून नाव पडलं आहे. पालट इतका पूर्ण का झाला, यावर वाद आहे. प्लेग हा एक संशयित: स्वीडनमधल्या फाल्बिग्डेन भागातल्या थडग्यांतल्या दातांत प्लेगच्या जंतूचा डीएनए सापडला, आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तपासलेल्या १०८ जणांपैकी किमान १७ टक्क्यांत तो होता, तोही सहा पिढ्यांत तीन वेळा. पण दातात जंतू सापडला म्हणजे माणूस आजारी होता एवढंच सिद्ध होतं. समाज त्याने कोसळला का, हे पुढचं पाऊल आहे आणि ते अजून कुणी पक्कं टाकलेलं नाही.

आजच्या नॉर्वेजियन, स्वीडिश किंवा डॅनिश माणसात हे तीनही थर आहेत. ढोबळ हिशेब: जवळपास निम्मा अंश स्टेपीचा, उरलेल्यात मोठा वाटा शेतकऱ्यांचा, बाकीचा जुन्या शिकाऱ्यांचा. हे तीन घटक सबंध युरोपात आहेत. थालीपिठाची भाजणी घरोघरी त्याच धान्यांची असते, प्रमाण बदलतं, तसं. सार्डिनियात शेतकऱ्यांचं धान्य जास्त, बाल्टिक किनाऱ्यावर शिकाऱ्यांचं, आणि नॉर्वे, स्वीडन, आइसलंड, आयर्लंड इथे स्टेपीचं. स्टेपीचे लोकही शुद्ध नव्हतेच. पूर्वेकडचे शिकारी आणि कॉकेशस पर्वताकडचे लोक यांचं ते मिश्रण. धान्य निवडत मागे गेलं की प्रत्येक दाणा म्हणजे आधीची भाजणीच निघते.

उपमा एका ठिकाणी फसते, आणि ती जागा कामाची आहे. भाजणी दळली की दाणे ओळखू येत नाहीत. डीएनए मात्र पिठासारखा दळला जात नाही, तो तुकड्यांत राहतो. दोन समूह मिसळले की पहिल्या पिढीत एकेका बाजूची अख्खी गुणसूत्रं असतात. दर पिढीला ती तुटून जोडली जातात आणि तुकडे आखूड होत जातात. तुकड्यांच्या लांबीवरून मिसळणं किती पिढ्यांपूर्वी झालं ते काढता येतं. एका पिढीला साधारण २८-२९ वर्षं धरतात.

रंगरूपाचं इथेच उरकतो. पश्चिमेकडच्या शिकाऱ्यांची त्वचा सावळी ते काळी आणि डोळे निळे होते. डेन्मार्कच्या लोलान बेटावर सिल्थोल्म इथे ५,७०० वर्षांपूर्वी चघळून टाकलेला बर्चच्या डांबराचा गोळा सापडला. नुसत्या त्या गोळ्यातून चघळणाऱ्या बाईचा संपूर्ण जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, निघाला: काळे केस, काळी त्वचा, निळे डोळे. सोबत तिने खाल्लेल्या हेझलनटचा आणि बदकाचा डीएनएही. सोनेरी केसांशी जोडलेला जनुकातला एक प्रमुख बदल सगळ्यात आधी कुठे सापडतो? सायबेरियात, येनिसेई नदीकाठी, सतरा-अठरा हजार वर्षांपूर्वीच्या अवशेषांत. उजळ त्वचेचा एक बदल, एसएलसी२४ए५ या जनुकातला, अनातोलियाच्या शेतकऱ्यांत जवळजवळ सर्वांत होता. तोच बदल भारतातही मोठ्या प्रमाणावर आहे. प्रौढपणी दूध पचवायची क्षमता तर आणखी उशिरा वाढली. ईशान्य जर्मनीत टोलेन्झे इथे इसवी सनापूर्वी १२०० च्या सुमारास झालेल्या लढाईतल्या योद्ध्यांत ती फारच थोड्यांत होती, आज त्याच भागात बहुसंख्यांत आहे. आणि ही क्षमता देणारा युरोपातला नेमका तोच बदल भारतातही सापडतो: वायव्येकडे जास्त, दक्षिण-पूर्वेकडे कमी.

मग हे सगळं किती भरवशाचं? इथे हाडांबद्दल बोलायला हवं, कारण सामान्य वाचकाला निकाल दिसतो, पण हाड कुठून आलं ते दिसत नाही.

नमुना शक्यतो कवटीतल्या, आतल्या कानाभोवतीच्या हाडाचा घेतात. शरीरातलं हे सगळ्यात घट्ट हाड, त्यात डीएनए टिकतो. ते नसेल तर दाताच्या मुळावरचा थर. वरचा पृष्ठभाग ब्लीचने आणि अतिनील प्रकाशाने साफ करून आतली सुमारे ५० मिलिग्रॅम भुकटी काढतात, चिमूटभरच. ती ईडीटीए हे रसायन आणि प्रथिनं पचवणारं विकर यांच्या द्रावणात रात्रभर ३७ अंशांवर ठेवतात, सुटलेला डीएनए सिलिकावर चिकटवून धुतात. मग थोडंसं वाचन करून पाहतात. माणसाचा डीएनए एक टक्काही नसेल, बाकी सगळा मातीतल्या जिवाणूंचा, तर पुढे खर्च करण्यात अर्थ नसतो.

माणसाचा डीएनए मिळाला तरी तो जुनाच कशावरून? उत्खनन करणाऱ्याच्या शिंकेतलाही असू शकतो. यासाठी दोन-तीन कसोट्या लावतात. जुना डीएनए तुटून ३० ते ७० अक्षरांचे (डीएनएची रासायनिक अक्षरं चार: ए, सी, जी, टी) तुकडे झालेला असतो, आणि तुकड्याच्या टोकाला ‘सी’ अक्षर झिजून ‘टी’ असं वाचलं जातं. टोकांवर ही झीज दिसली नाही तर नमुना संशयास्पद. दुसरी कसोटी फक्त पुरुषांसाठी: पुरुषाला एक्स गुणसूत्र एकच असतं, म्हणून त्यावर एकाच जागी दोन वेगळी अक्षरं दिसली तर कुणीतरी दुसरा नमुन्यात शिरला आहे. स्त्रीच्या नमुन्यात ही सोय नाही, तिथे मायटोकाँड्रियाच्या, म्हणजे पेशीतल्या छोट्या ऊर्जाघरांच्या, डीएनएवर भिस्त ठेवावी लागते.

काळ ठरवण्यातही खास उत्तरेची अशी एक खोच आहे. समुद्रातला कार्बन जुना असतो. आयुष्यभर मासे आणि सील खाल्लेल्या माणसाच्या हाडाचं कार्बन-१४ वय प्रत्यक्षाहून काही शतकांनी जास्त येतं, साधारण चारशे वर्षांपर्यंत. ही दुरुस्ती विसरली तर आयविदेचा शिकारी शेजारच्या शेतकऱ्याच्या आधीचा ठरतो, आणि ‘शेतकरी आले, शिकारी संपले’ अशी सरळ पण खोटी गोष्ट तयार होते. म्हणून हाडातल्या कार्बन आणि नायट्रोजनच्या समस्थानिकांवरून माशांचा वाटा आधी काढायचा, मग वय दुरुस्त करायचं.

आणि सगळ्यात मोठी मेख म्हणजे माती. फिनलंडची, नॉर्वेची आणि स्वीडनच्या मोठ्या भागाची माती आम्लधर्मी आहे; तिच्यात हाड विरघळून जातं. हाड टिकतं ते चुनखडीत किंवा पाण्याखाली. आतापर्यंत आलेली नावं पाहा: फाल्बिग्डेन आणि गोटलंड चुनखडीचे, मोताला तळ्याच्या गाळातलं, सिल्थोल्म किनाऱ्याच्या चिखलातलं. प्राचीन उत्तरेचा आनुवंशिक नकाशा म्हणजे बऱ्याच अंशी तिथल्या मातीचा नकाशा आहे. त्यात भर म्हणजे कांस्ययुगाच्या उत्तरार्धापासून लोहयुगात बराच काळ प्रेतं जाळायची पद्धत होती, आणि जळालेल्या हाडात डीएनए राहत नाही. जर्मानिक भाषा जिथे आणि जेव्हा घडल्या असं मानतात, नेमका तोच काळ राखेत गेला आहे. त्या काळाबद्दल ठासून सांगणाऱ्या कुणाकडेही जरा सावधपणे पाहावं.

व्हायकिंगांकडे येऊ, कारण लोकांना बहुतेक त्यांच्याचबद्दल विचारायचं असतं. व्हायकिंग हा धंदा होता, जात नव्हे. २०२० साली ४४२ प्राचीन जीनोमांचा अभ्यास आला. त्यात डेन्मार्ककडचे लोक मुख्यतः इंग्लंडकडे, नॉर्वेकडचे आयर्लंड, स्कॉटलंड, आइसलंडकडे आणि स्वीडनकडचे बाल्टिकच्या पूर्वेला गेल्याचं दिसलं. इतिहासाशी हे जुळतं. पण ऑर्कनी बेटांवर व्हायकिंग पद्धतीने, तलवारीसह पुरलेले दोन पुरुष आनुवंशिकदृष्ट्या तिथलेच स्थानिक निघाले. इस्टोनियात साल्मे इथे इसवी सन ७५० च्या सुमाराच्या जहाजांच्या दफनात चार सख्खे भाऊ शेजारी-शेजारी पुरलेले आढळले. आणि त्या काळचे स्कॅन्डिनेव्हियन आजच्यापेक्षा अधिक काळ्या केसांचे होते. दक्षिण युरोपाकडून आणि पूर्वेकडून रक्त येतच होतं.

२०२३ साली इसवी सनाच्या पहिल्या शतकांपासून पुढचे २९७ प्राचीन जीनोम पाहणाऱ्या अभ्यासाने आणखी एक चमत्कारिक गोष्ट दाखवली. व्हायकिंग काळात स्कॅन्डिनेव्हियात ब्रिटन-आयर्लंडचा, पूर्व बाल्टिकचा आणि दक्षिणेचा अंश आलेला दिसतो, पण आजच्या लोकसंख्येत तो तितका नाही. आलेले गुलाम, व्यापारी, धर्मप्रसारक यांना स्थानिकांइतकी मुलंबाळं झाली नसावीत, हे एक पटण्यासारखं कारण. हजार वर्षांपूर्वीच्या बंदरातला स्वीडिश समाज मधल्या शतकांतल्या खेड्यापाड्यांतल्या स्वीडनपेक्षा जास्त मिश्र होता.

आइसलंडवर थोडं रेंगाळतो, कारण तिथे सगळं मोजता येतं. वस्ती इसवी सन ८७० ते ९३० या साठ वर्षांत झाली, पुढे अकराशे वर्षं फारसं कुणी आलं नाही, वंशावळी लिहून ठेवलेल्या आहेत. वाय-गुणसूत्र बापाकडून मुलाला जातं. तिथली सुमारे तीन-चतुर्थांश वाय-गुणसूत्रं स्कॅन्डिनेव्हियन आहेत. मायटोकाँड्रियाचा डीएनए आईकडून येतो. तो सुमारे ६२ टक्के ब्रिटिश बेटांकडचा, मुख्यतः स्कॉटलंड-आयर्लंडचा. म्हणजे पुरुष नॉर्वेहून आणि बायका बऱ्याच वाटेत उचललेल्या, काही लग्नाच्या, काही गुलाम. फेरो बेटांवर हीच तफावत आणखी तीव्र आहे. मग २०१८ साली पहिल्या वसाहतकारांची हाडं वाचली तेव्हा कळलं की त्यांच्यात नॉर्स, म्हणजे स्कॅन्डिनेव्हियन, अंश सरासरी ५७ टक्के होता आणि आजच्या आइसलंडरांत तो ७० टक्के आहे. गेलिक, म्हणजे स्कॉटलंड-आयर्लंडकडचा, वाटा घसरला, बहुधा गुलामांना संतती कमी झाल्यामुळे. शिवाय लहान लोकसंख्येत निव्वळ नशिबानेही इतके फेरफार होतात की आजचा आइसलंडर आपल्या मूळ पूर्वजांपासून आनुवंशिकदृष्ट्या दूर सरकला आहे. आजच्या माणसांवरून मूळ काढण्यातला धोका यापेक्षा स्पष्ट कुठे दिसत नाही.

त्याच बेटावरची दुसरी गंमत: हान्स योनाथन. १७८४ साली कॅरिबियन समुद्रातल्या सेंट क्रॉई बेटावर गुलाम आफ्रिकन आईच्या पोटी जन्मलेला हा माणूस १८०२ साली आइसलंडला पोचला. त्याच्या १८२ वंशजांतले आफ्रिकन तुकडे गोळा करून, त्याचं एकही हाड न मिळवता, त्याला आईकडून मिळालेल्या जीनोमचा ३८ टक्के भाग पुन्हा जुळवला गेला. एवढ्या एकसारख्या लोकसंख्येत एकच वेगळा पूर्वज असल्यामुळेच ते जमलं.

फिनिश आणि सामी लोकांकडे येऊ. त्यांना वेगळं काढायचं का? तीनही थर त्यांच्यातही आहेत. वर चौथा आहे, सायबेरियाचा. रशियाच्या कोला द्वीपकल्पावर बोल्शोय ओलेनी ऑस्त्रोव इथल्या साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या सांगाड्यांत तो ठळक सापडतो. आज सामींत तो साधारण पाव, फिनिश लोकांत दहाव्या हिश्श्याच्या आसपास. भाषाही त्या बाजूची: फिनिश आणि सामी या युरालिक कुळातल्या, स्वीडिशशी त्यांचं नातं नाही. फिनिश पुरुषांत वाय-गुणसूत्राचा एन१ए१ हा गट निम्म्याहून अधिक आहे, आणि तोही पूर्वेकडून आलेला. पण वाय-गुणसूत्र ही एकच रेघ. साठ टक्के पुरुषांचं वाय सायबेरियाकडचं म्हणून फिनलंड साठ टक्के सायबेरियन होत नाही. ही चूक भलेभले करतात.

सामींचा जुना विस्तारही आजच्याहून मोठा होता. पश्चिम फिनलंडमध्ये लेवॅनलुह्ता इथे एका झऱ्यात पुरलेल्या, इसवी सन ३०० ते ८०० च्या माणसांत आजच्या सामींशी जुळणारा डीएनए मिळाला. तिथे आज सामी नाहीत. आणि संशोधकांशी सामी जपून वागतात ते उगाच नाही. वंशजीवशास्त्राच्या काळात त्यांच्या कबरी उकरल्या गेल्या होत्या. उकरून नेलेल्या २५ सामींचे अवशेष उत्तर स्वीडनमधल्या ल्युकसेले इथे पुन्हा दफन व्हायला २०१९ साल उजाडलं.

फिनलंडच्या आत तर आणखी एक सीमा आहे. पूर्व आणि पश्चिम फिनलंडमधलं आनुवंशिक अंतर काही युरोपीय देशांदेशांतल्या अंतराएवढं भरतं, आणि ती रेघ ढोबळमानाने स्वीडन आणि आजच्या रशियातलं नोवगोरोद राज्य यांच्यात १३२३ साली झालेल्या तहाच्या सीमेशी जुळते. पूर्वेकडच्या जंगलांत सोळाव्या शतकात थोडी कुटुंबं जाऊन वसली आणि तीच वाढली. थोड्या पूर्वजांपासून वाढलेल्या लोकसंख्येत दुर्मीळ दोषही वाढतात. फिनलंडमध्ये तीसहून अधिक आनुवंशिक आजार इतर जगापेक्षा जास्त आढळतात, जन्मजात नेफ्रोटिक सिंड्रोमचा फिनिश प्रकार त्यांतलाच. उलट सिस्टिक फायब्रोसिस आणि फेनिलकीटोन्युरिया हे युरोपात नेहमीचे आजार तिथे विरळा. याउलट डेन्मार्क सपाट, छोटा, सगळीकडे जाता येणारा. तिथे आतल्या आत फरक जवळजवळ नाही.

ग्रीनलंडचा मामला वेगळा. तिथले नॉर्स वसाहतवाले पंधराव्या शतकात नाहीसे झाले. आजच्या ग्रीनलंडवासीयांत सरासरी पाव युरोपीय अंश आहे, तो १७२१ नंतरच्या डॅनिश काळातला. बाकी ते इनुइट.

आता चाचणीचा अहवाल. लाळेच्या नमुन्यातून चिपवर डीएनएमधल्या सहा-सात लाख जागा वाचल्या जातात. त्यांची तुलना कंपनीकडच्या संदर्भ-नमुन्यांशी होते, आणि हे नमुने आजच्या, हयात लोकांचे: चारही आजी-आजोबा एकाच भागात जन्मलेले वगैरे. त्यामुळे ‘१२ टक्के स्कॅन्डिनेव्हियन’ याचा अर्थ ‘तुमच्या डीएनएचे इतके तुकडे आमच्याकडच्या स्कॅन्डिनेव्हियन नमुन्यांशी सगळ्यात जास्त जुळले’ एवढाच. संदर्भ-संच बदलला की आकडा बदलतो. म्हणूनच अहवाल ‘अद्ययावत’ झाला की कुणाचा नॉर्वेजियन आजोबा गायब होतो. इंग्लंडच्या माणसात हा आकडा हमखास येतो, पण तो पाचव्या शतकातल्या अँग्लो-सॅक्सनांचा की नवव्या शतकातल्या डॅनिश लोकांचा, हे चिप सांगू शकत नाही. दोघे एकाच परिसरातून आले.

अहवाल वाचायचा क्रम असा ठेवावा. प्रथम टक्केवारीशेजारची मर्यादा पाहा. ‘४ टक्के, पल्ला ० ते ९’ असेल तर तो शून्य असू शकतो. मग आई-वडिलांपैकी कुणाची चाचणी झाली असेल तर तोच घटक त्यांच्यात आहे का ते पाहा. मुलात आहे आणि दोघांतही नाही, तर तो गणिताचा गोंधळ. मग जुळणाऱ्या नातेवाइकांची यादी पाहा. खरोखर स्वीडिश पणजी असेल तर स्वीडनमधले दूरचे चुलत-मावस भावंडं यादीत दिसतात, आणि हा पुरावा टक्क्यांपेक्षा कितीतरी भक्कम. दहा पिढ्या मागे १,०२४ पूर्वज होतात, पण त्यांच्यापैकी जवळपास निम्म्यांचा एकही तुकडा आपल्यात उरलेला नसतो. हजार वर्षांपूर्वीचा व्हायकिंग पूर्वज अशा चाचणीत सापडला असं कुणी म्हणत असेल तर ती जाहिरात आहे.

मराठी माणसाच्या अहवालात एखाद-दुसरा टक्का ‘फिनिश’ किंवा ‘उत्तर युरोपीय’ आला तर त्याकडे दुर्लक्ष करावं. भारतीय संदर्भ-नमुने युरोपीयांच्या मानाने थोडे असतात, आणि भारतीयांतही स्टेपीचा जुना अंश आहे. त्याचा एखादा तुकडा युरोपीय खात्यात पडतो. हे नातं खरं आहे, पण चुलत आहे. स्टेपीकडून एक फांदी स्कॅन्डिनेव्हियात गेली. दुसरी पूर्व युरोपातून उरल पर्वताकडे, तिथून मध्य आशियात आणि इसवी सनापूर्वी २००० ते १५०० च्या सुमारास दक्षिण आशियात उतरली. लोकमान्य टिळकांनी १९०३ साली वेदकालीन लोकांचं मूळ घर उत्तर ध्रुवाजवळ मांडलं होतं, म्हणून हा प्रश्न मराठीत वारंवार येतो. डीएनएवरून दिसते ती वाट ध्रुवाकडून भारताकडे येणारी नाही. मधल्या गवताळ पट्ट्यातून दोन्हीकडे फुटलेली आहे.

हीच गोष्ट वाय-गुणसूत्रात स्वच्छ दिसते. ‘आर१ए’ हा गट नॉर्वेतही भरपूर आहे आणि महाराष्ट्रातही. अहवालात नुसतं ‘आर१ए’ लिहिलेलं असेल तर त्यावरून काहीही ठरत नाही. खालची शाखा बघायची: झेड२८४ असेल तर स्कॅन्डिनेव्हिया, झेड९३, आणि त्याखाली एल६५७ असेल तर भारत. दोन्ही शाखांचा समान पूर्वज पाच हजार वर्षांहून थोडा आधीचा. शाखा दिलेली नसेल तर कच्ची फाइल उतरवून त्यात या जागा शोधता येतात. चिपवर त्या नसतील तर वाय-गुणसूत्राची स्वतंत्र चाचणी करावी लागते. ती फक्त पुरुषाचीच होते, त्यामुळे बाईला माहेरची शाखा हवी असेल तर नमुना वडिलांचा, सख्ख्या भावाचा किंवा काकांचा द्यायचा. मामाचा चालत नाही.